सुगराचं परमिट

सुगरा परत आली तेव्हा हलका धान कापायला आला होता आणि जवळजवळ सगळा टोला, म्हणजे ती लहानशी वस्ती, शेतात होता. कामठ्याच्या बाजारातून परतणाऱ्या एका बैलगाडीतून ती उतरली. अंगात सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, हातात टिनाची पेटी. गावच्या मुकादमाची बायको धुरपता विहिरीवर पाणी भरत होती. तिला वाटलं, बाहेरगावची कोणी बांगड्या विकणारी असेल.

"कोन व्हय बाई? कोनाकडं आली?"

"वयनी, वळखलं नाही? मी सुगरा. मदार पिंजाऱ्याची."

धुरपताच्या हातातला दोर सुटला आणि बादली धाडकन पाण्यात गेली. सुगराला तिनं परकरात असल्यापासून पाहिलं होतं. तिच्या लग्नात हळद कुटायला ती स्वतः गेली होती. आता समोर उभ्या असलेल्या बाईचे गाल बसले होते आणि गळ्यात काहीच नव्हतं.

मदारचाचाचं घर त्या टोल्यातलं मुसलमानाचं एकमेव. थंडीत अंगावर घ्यायची प्रत्येकाची रजई त्याच्याच हातची. बायको लवकर गेली, एक मुलगी, ती गोंदियाला रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या याकूबला दिली. सत्तेचाळीस साली रेल्वेच्या माणसांना विचारलं गेलं, इकडे राहता की तिकडे जाता? याकूबच्या भावांनी तिकडे लिहून दिलं, म्हणून यानंही दिलं. सुगराला हे पेटी बांधायच्या वेळी कळलं. बापाला भेटायला ती एक दिवस आली होती. मदारचाचा म्हणाला होता, "नवरा जाते तिकडं जा बेटी. दूर गेली तरी रेल्वेच तं हाये." ते परकं राज्य होणार, हे त्या दिवशी दोघांनाही नीट समजलेलं नव्हतं.

तिकडे पाकिस्तानात, सिंधमधल्या रोहरीच्या रेल्वे यार्डात दोन डब्यांच्या मधे सापडून याकूब मेला. मोठ्या दिरानं तिच्याशी निका लावायचं ठरवलं. त्याला आधीची बायको होती. सुगरानं बाप आंधळा झाला असं कळवून भारतात यायचं परमिट मागितलं. ते खरंच होतं, मदारचाचाच्या दोन्ही डोळ्यांवर वडसाचा पडदा वाढून आता त्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. तिला दिवाळीपर्यंत राहण्याचं परमिट मिळालं. ती निघाली ती परत न जाण्याचं मनाशी ठरवूनच.

मुकादम हिरालाल पवार हा गावाची खबर सरकारात द्यायला जबाबदार. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, त्याच वर्षी गेली होती, पण मुकादमी राहिली होती आणि हिरालालला तिचा अभिमान होता. त्यानं परमिट वाचलं, ठाण्यात कळवलं आणि सुगराला म्हणाला, "बापाजवर राहा. पुढचं पुढं पाहू."

दिवाळी झाली. सुगरा गेली नाही.

"दादा," ती हिरालालच्या अंगणात येऊन म्हणाली, "मी का कोनाचं काही घेऊन राहिली? बापाले भात रांधून देतो, मागच्या वाडीत भाजी लावतो. मले इथंच राहू दे."

हिरालालनं कायम राहण्यासाठी अर्ज करून दिला. नकार आला. लगेच निघून जावं, असंही त्यात होतं. तो कागद तिला वाचून दाखवताना हिरालाल मधेच थांबला, तर सुगराच म्हणाली, "समजलं दादा. तुमी ठेवून द्या तो कागद."

ते दिवस पहिल्या निवडणुकीचे होते. कामठ्याच्या बाजारात आठवड्याला एक सभा होई. परमिटवाल्यांचा विषय निघाला नाही अशी सभा नसे. एक जण म्हणे, सरकार ढिलं आहे, तिकडून येणाऱ्यांची मोजदाद नाही. दुसरा म्हणे, इथल्याच मातीतल्या माणसांना चोर ठरवणं हे काय सरकार? हिरालालचा धाकटा भाऊ गोवर्धन पहिल्या बाजूचा. तो मॅट्रिक झालेला, एका उमेदवाराच्या प्रचारात सायकल घेऊन गावोगाव फिरत होता. फाळणीनंतर जबलपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीत त्यानं काही महिने काम केलं होतं. तिथून आल्यावर तो कमी हसायचा.

एका सकाळी जेवताना दोघा भावांची जुंपली.

"भाऊ, तू मुकादम हायेस. तुले माहीत हाये का मुदत संपली. तरी काऊन चूप बसून राहिला?"

"ते आपल्या गावची पोट्टी हाये, गोवर्धन."

"छावणीतल्या बायाही कोनाच्या तरी गावच्या पोट्ट्याच होत्या. सिंधातल्या सक्करची एक म्हातारी रोज मले विचारे, माह्या घराची किल्ली माह्याजवर हाये, मी कधी जाऊ? तिले कोन परमिट देन? सरहद्द काढली तं काढली. आता इकडचा तिकडं अन् तिकडचा इकडं मनाले येन तसा फिरला, तं ते मेलेले सगरे कायसाठी मेले?"

"सुगरानं मारले का त्यायले?"

"मी तसं म्हनलो नाही. कायदा तोंड पाहून लावला तं तो कायदा राहात नाही, एवढंच म्हनून राहिलो."

धुरपता भात वाढता वाढता थांबली. "भाऊजी, तिले पाठवलं तं तो दीर तिचं का करन, हे तुमच्या कायद्यात लिवलं हाये का?"

गोवर्धननं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "नाही लिवलं, वयनी." आणि हात धुवायला उठला.

ठाण्याहून दोनदा विचारणा आली तेव्हा गावानं बैठक घेतली. मारुतीच्या पारावर माणसं जमली, बायका बाजूच्या ओसरीवर बसल्या. मदारचाचाला हाताला धरून आणून मधे बसवलं होतं. सुगरा आली नव्हती.

दुकानदार रामलाल भीत भीत म्हणाला, "टोल्यावर केस झाली तं? लपवनाराले बी जेल हाये म्हन्तेत."

"एका बाईले लपवाले का लागते?" म्हातारा सुखराम म्हणाला. त्याचं शेत मदारचाचाच्या घराला लागून होतं. "ते समोर तं फिरते. कोनाले तिचा त्रास झाला, हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. गोवर्धन उभा राहिला. "त्रासाचा सवाल नाही, काका. सरकारनं वळखाचं कसं? कोन बापाले भेटाले आला अन् कोन दुसऱ्या कामाले आला, हे का कपाळावर लिवलेलं असते? म्हनून परमिट हाये. आपन सुगराले वळखतो, ठाणेदार वळखत नाही. उद्या दुसऱ्या गावात असाच कोनी राहिला अन् त्या गावानं म्हनलं आमी वळखतो, तं तुमी मानसान का?"

 तेवढ्यात ओसरीवरून सुलोचनाबाई बोलली. ती विधवा, स्वतःची शेती स्वतः करणारी.

"माहा नवरा मेला तवा माहा भाऊ मले न्याले आला होता. मी गेली नाही, हे येगळं. पन गेली असती तं बापाच्या दारात मले कोनी इचारलं असतं का, तुयाजवर कागद हाये का म्हनून? लगन होऊन बाई जाते ते नवऱ्याच्या घरी जाते. राज्य बदलाले जात नाही."

बायकांमधून हुंकार उठला. मदारचाचा मान खाली घालून ऐकत होता. आता सगळ्यांचे डोळे हिरालालकडे वळले. त्याला ते जाणवलं. त्याच्या वडिलांनी या पारावर बरेच निवाडे केले होते. तो उठला, डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाला, "मी मुकादम हावो तोवर मदारचाचाच्या पोरीले या टोल्यातून कोनी नेनार नाही. ठाणेदार येवो का त्याचा बाप येवो."

माणसं "वा मुकादम!" म्हणाली. सुखरामनं त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी जाताना हिरालालला वाटत होतं, आपण आयुष्यात पहिल्यांदा काही मोठं केलं. गोवर्धन मागून सायकल ढकलत येत होता. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, जे निभत नाही ते बोलाचं नाही."

ठाणेदार आला तो धानाच्या चुरणीच्या दिवसांत. खळ्यांवर बैल फिरत होते. जीप दिसताच सुखरामच्या सुनेनं सुगराला सुलोचनाबाईच्या घरी पोचवलं. सुलोचनाबाईनं तिला माजघरातल्या धानाच्या मोठ्या ढोलीमागे बसवलं आणि स्वतः दारात सूप घेऊन पाखडायला बसली.

ठाणेदार सागरकडचा माणूस, हिंदी बोलणारा. तो चिडला नाही की ओरडला नाही. हिरालालच्या ओसरीवर बसून पाणी प्याला.

"मुकादमसाहब, वो औरत कहाँ है?"

"चली गयी साहब."

"कब?"

हिरालाल अडखळला. त्यानं हे ठरवलंच नव्हतं. "दिवाली के बाद."

"कौन गाडी से गयी? किसके साथ गयी?"

अंगणाबाहेर माणसं जमली होती. सुखराम म्हणाला, "गेली साहेब, आमी पाहिलं." आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ठाणेदारानं सगळ्यांकडे पाहिलं. नंतर तो उठून सरळ मदारचाचाच्या घरी गेला. शिपायांनी म्हाताऱ्याला खाटेवरून उठवलं आणि बाहेर आणलं. चपला शोधायलाही वेळ दिला नाही.

"बाबा, आपकी बेटी यहाँ मुदत के बाद रही, आपने छुपाया. चलिए."

 शिपायानं धरलेल्या हाताच्या दिशेनं मदारचाचा चालू लागला. जीपजवळ त्याचा पाय दगडाला लागला आणि तो गुडघ्यावर पडला. अख्खा गाव बघत होता. ठाणेदार हिरालालकडे वळून हळूच म्हणाला, "और मुकादमी आपकी भी जायेगी, मुकादमसाहब. झूठी खबर देने का केस अलग. सोच लीजिए. मुझे इस बूढ़े को ले जाने का कोई शौक नहीं."

हिरालालनं मदारचाचाकडे पाहिलं. तो जमिनीवर चाचपत होता. त्याच क्षणी हिरालालला आपला फेटा, आपली ओसरी, कचेरीतली आपली खुर्ची, सगळं एकदम दिसलं. यातलं आधी काय दिसलं, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याचा हात वर झाला आणि त्यानं सुलोचनाबाईच्या घराकडे बोट दाखवलं.

कोणी काही बोललं नाही. खळ्यावरचे बैल हाकणाराही थांबला होता.

आणि तेवढ्यात सुलोचनाबाईच्या दारातून सुगरा स्वतःच बाहेर आली. अंगाला भुसा लागलेला. सुलोचनाबाई तिचा हात धरून मागे ओढत होती. बापाला नेत आहेत हे तिनं आतून ऐकलं होतं. ती येणारच होती. हिरालालनं हात खाली घेतला, पण तिनं पाहायचं ते पाहिलं होतं.

ती सरळ बापाजवळ गेली, त्याला उठवून बसवलं, त्याच्या गुडघ्याची माती झाडली आणि ठाणेदाराला म्हणाली, "चला."

तेव्हा गर्दीतून गोवर्धन पुढे आला. दोन खळ्यांपलीकडे तो प्रचाराचे कागद वाटत होता, तिथून धावत आला होता.

"साहब, हुकूम दाखवा."

"कैसा हुकूम?"

"कायद्यानं हिले अटक करता येते, मले माहीत हाये. पन सरहद्दीवर पाठवाचा हुकूम तुमी देऊ शकत नाही. गोंदियाले मॅजिस्ट्रेटसमोर उभं कराले लागते. आजच. मी संगं येतो."

ठाणेदारानं त्याच्या छातीवरचा उमेदवाराचा बिल्ला पाहिला. "तुम तो इन लोगों को निकालनेवालों में से हो ना?"

"हाव. पन कोर्टानं निकालाचं. जीपनं नाही."

तो जीपमध्ये मागे, शिपायाशेजारी चढून बसला. सुगरानं त्याच्याकडे बघितलं नाही. हिरालाल दारात उभा होता. धुरपतानं मदारचाचाला घरी आणलं, त्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि त्या दिवसापासून त्याची खाट मुकादमाच्या पडवीत पडली.

गोवर्धननं गोंदियाला वकील गाठला. वकिलानं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, "घटनेत लिहिलंय, सत्तेचाळीसच्या मार्चनंतर जो तिकडे राहायला गेला तो इथला नागरिक नाही. कायमचं परत येण्याचं परमिट घेऊन आला असेल तर गोष्ट वेगळी. हिचं परमिट भेटीचं आहे."

"ते नवऱ्यामागं गेली. तिले कोनी इचारलं नाही."

"कायदा तेवढं विचारत नाही, गोवर्धनराव. हे तुम्हीच सभांमधून सांगत फिरता ना?"

 तरी गोवर्धननं कोर्टात अर्ज करायला लावला. खालच्या कोर्टात सुगराला मुदतीनंतर राहिल्याबद्दल साधी कैद झाली. वकिलानं वरच्या कोर्टात दाद मागितली, तोवर तिला पाठवू नये असा आदेश आणला. उमेदवाराच्या माणसानं गोवर्धनला कचेरीत बोलावून विचारलं, "बाजारात आपण काय बोलतो आणि तू काय करून राहिला? लोक हसून राहिले." गोवर्धननं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "मी आताही तेच बोलतो," तो म्हणाला, "पन तुमाले फक्त टाळ्या पायजेत." त्यानंतर त्यानं सायकल घरी आणली. निवडणूक झाली, त्याचा उमेदवार पडला, आणि ते ऐकून तो शेतावर निघून गेला.

हिवाळाभर सुगरा भंडाऱ्याच्या जेलात होती. हिरालाल एकदाच भेटायला गेला. जाळीपलीकडे ती उभी राहिली. त्यानं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ते काही आठवलं नाही.

"चाचा बरा हाये," तो म्हणाला.

"जेवते का?"

"धुरपताच्या हातचं जेवते."

"अन् तुमच्या?"

हिरालालनं जाळीवरचा हात काढून घेतला.  सुगरा म्हणाली, "दादा, मी बाहेर येतच होतो. तुमी बोट दाखवाले नाही पायजे होतं. एवढंच." त्यात राग नव्हता. राग असता तर हिरालालला बरं वाटलं असतं.

वरच्या कोर्टानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला निकाल दिला. परमिट भेटीचं, मुदत संपलेली, दाद नाही. निकालाचा कागद वाचताना गोवर्धनला एकही ओळ चुकीची सापडली नाही. तो वकिलाच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. वकील म्हणाला, "तुम्हाला हवं होतं ते झालं. कोर्टानं सांगितलं."

"हाव," गोवर्धन म्हणाला. "हेच पायजे होतं." आणि त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

सुगराला गोंदियाच्या स्टेशनावरून नेलं. एक महिला शिपाई, दोन पुरुष शिपाई, नागपूरची गाडी. पुढं सिंधच्या सरहद्दीपर्यंत. टोल्यातून दोन बैलगाड्या आल्या होत्या. सुलोचनाबाईनं मुरमुरे, गूळ आणि धुतलेलं लुगडं बांधून आणलं होतं. धुरपतानं मदारचाचाला आणलं. बापलेकींना बाकावर बसू दिलं. मदारचाचानं तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळ, डोळे, हनुवटी, जसं नवीन कापूस घेताना तो चाचपायचा.

"अब्बा, दिराकडं मी जानार नाही," सुगरा म्हणाली. "कराचीत बायांची एक शाळा हाये, शिवन शिकवते. तिथं जाईन. माह्यासाठी भेवू नको."

"जा बेटी," मदारचाचा म्हणाला. मागच्या वेळी रेल्वेबद्दल जे बोलला होता, ते तो आता बोलला नाही.

गाडी सुटताना सुगरानं सगळ्यांना हात केला. गोवर्धनकडे बघून ती म्हणाली, "भाऊ, तुमी आले संगं, ते मी इसरनार नाही." गोवर्धननं मान खाली घातली. हिरालाल खांबाआड उभा होता. तिनं तिकडेही बघितलं, पण हात केला नाही.

हिरालालनं पावसाळ्याआधी मुकादमी सोडली. तब्येतीचं कारण दिलं. गावानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पारावरच्या बैठकीत तो मागे बसू लागला. भावाभावांत त्या विषयावर पुन्हा वाद झाला नाही. एकदा रामलालच्या दुकानात कोणी गोवर्धनला डिवचलं, तेव्हा तो म्हणाला, "कायदा पायजेच. मी आजही म्हन्तो. पन पुढच्या खेपेले कायदा करनाऱ्यायनं एकदा त्या बाकावर बसून पाहावं." आणि चहा न पिता निघून गेला.

मदारचाचा त्यानंतर दोन पावसाळे जगला. धुरपतानं वाढलेलं जेवायचा, सुखरामशी गप्पा मारायचा, कोणी रजई आणली तर शिवण बोटांनी तपासून द्यायचा. हिरालालशी तो तुटकपणे बोले, पण बोले. एका दुपारी हिरालाल त्याला हात धरून सावलीत नेत होता. म्हातारा मधेच थांबला.

"हिरालाल, त्या दिवशी तू काय केलं ते मले दिसलं नाही."

"चाचा…"

"आयक. मले दिसलं नाही. पन गाव एकदम चूप झालं, ते आयकू आलं. तवाच मले समजलं. सुलोचनाबाईनं नंतर सांगितलं, ते मंग."

हिरालाल म्हणाला, "मी तुयासाठी केलं का मुकादमीसाठी, हे मले आजवर समजलं नाही, चाचा. रोज इचारतो सोताले."

मदारचाचानं डोकं हलवलं. त्याचे पांढरे डोळे कुठेतरी उन्हाकडे लागले होते.

"मले बी नाही समजलं," तो म्हणाला. "समजलं असतं तं एक तं तुयासंगं बोललोच नसतो, नाही तं पयल्यावानी बोललो असतो."

पण त्यानं हिरालालच्या हातातला हात सोडवला नाही. दोघे तसेच चालत पडवीपर्यंत आले. धुरपतानं खाट सावलीत ओढली आणि पाणी आणायला आत गेली.